खालच्याने आधी बोलायचं

चौकशी समितीच्या अध्यक्षांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, बिनमोहोरीची तार वापरणं गुन्हा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं का?"

आजी! माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "साहेब, मी तुमची आजी नव्हे. हेमलता गुरव. वीस वर्षं टेलिफोन खात्यात आणि एकवीस वर्षं उंबरमाची रोपवेवर. तार कुठली आणि गुन्हा कुठला, दोन्ही मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. पुढचं विचारा."

मागे बसलेली माझी लेक चारुता खोकली. तो खोकला मी ओळखते. 'आई, जरा दमानं' असा त्याचा अर्थ. मी दमानं घेतलं आणि सगळं सांगितलं. समितीला सांगितलं नाही असं एक होतं, तेही आता सांगते.

काळदरीच्या एका अंगाला वर उंबरमाची, खाली पायथा. मध्ये दोर, आणि दोराला दोन डबे. एक वर निघाला की दुसरा खाली येतो. माचीवरच्या साडेतीनशे उंबऱ्यांना दुसरी वाट म्हणजे पाच तासांची पायपीट. त्यामुळे शाळा, दवाखाना, बाजार, सगळं त्या दोन डब्यांवर. मी निवृत्त झाले तरी घर पायथा स्टेशनाला लागूनच. ओट्यावर बसलं की डबे दिसतात. कोणी म्हणेल म्हातारीला दुसरा उद्योग नाही. नाहीच!

आता मोहोर म्हणजे काय, ते सांगते. आठ वर्षांपूर्वी कोणा बदमाशांनी खोट्या नावाने वीजकेंद्रांना हुकूम सोडले आणि अर्धा देश चार दिवस अंधारात राहिला. तेव्हापासून कायदाच झाला, की ओळख पटल्याशिवाय एक यंत्र दुसऱ्याशी बोलणार नाही. ओळख पटवतात ती अशी. उपग्रहावरून प्रकाशकणांच्या जोड्या सुटतात. जोडीतला एक कण इकडे येतो, एक तिकडे जातो. त्या दोघांचं नातं असं असतं की दोन्हीकडे मोजलं तर आकड्यांची एकसारखीच माळ निघते, आणि मध्ये कोणी डोकावलं तर ते लगेच कळतं. ही माळ म्हणजे त्या दिवसाची मोहोर. चोवीस तास चालते, मग नवी यावी लागते. शोध झकास आहे, मी नाही म्हणत नाही.

पण माणसांवर त्याचा परिणाम बघा. फोन वाजायच्या आधीच समोरच्याची ओळख पटलेली असते. 'कोण बोलतंय?' हा प्रश्नच संपला. लोक हॅलोसुद्धा म्हणेनासे झाले, एकदम मुद्द्यावर. आम्हाला टेलिफोन खात्यात पहिल्या दिवशी शिकवलं होतं, की तार उचलली की आधी आपलं स्टेशन सांगा, मग नाव सांगा, मग काम. रोपवेवर त्यात मी एक भर घातली होती. खालच्याने आधी बोलायचं. वर वारा असतो, माणूस डब्याशी गुंतलेला असतो, म्हणून खालच्याने हाक द्यायची आणि वरच्याने ओ द्यायची. चारुता आठ वर्षांची असल्यापासून माझ्यासोबत तारेवर हा खेळ खेळायची. पुढे ती शिकली, इंजिनिअर झाली आणि याच रोपवेची मुख्य झाली. मी तेव्हा गावभर पेढे वाटले होते.

दोन वर्षांपूर्वी तिनेच रोपवेवर मोहोर आणली. कायदाच होता, तिचा इलाज नव्हता. पण त्या हुकुमात होतं की दोन्ही स्टेशनांमधली जुनी तांब्याची तार, मोडेम, टर्मिनल, सगळं काढायचं. मी आडवी आले. सगळ्या स्टाफसमोर तिला म्हटलं, "हे काढणार असशील तर तुला शिकवलं ही माझी चूक झाली." दुसऱ्या दिवशी ती वरच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली. तार काढल्याचा अहवाल मी सूचना फलकावर वाचला, खाली तिची सही होती. मग तिने फोन केला नाही आणि मीही नाही केला. ओट्यावरून तिच्या क्वार्टरचं पत्र्याचं छप्पर दिसायचं, ते बघत मी मनात म्हणायची, करेल की पहिल्यांदा, गरज असेल तर.

या एप्रिलमध्ये सूर्यावर वादळ झालं. उपग्रह जळू नयेत म्हणून झोपवले, आणि नवी मोहोर आलीच नाही. अकरा अडतीसला जुनी संपली. एकही यंत्र बिघडलं नव्हतं, सगळी धडधाकट होती. फक्त एकमेकांना ओळखेनाशी झाली. फोन मेले, सिग्नल मेले, आणि आमचे दोन्ही डबे दरीच्या मधोमध थांबले. डब्यांत चौदा माणसं. त्यात खो-खोच्या नऊ मुली, तालुक्याला सामन्याला निघालेल्या. आणि एक शेळी.

मी चपलाही न घालता स्टेशनात गेले. पायथ्याचा प्रमुख म्हसकर घामाघूम होऊन फलकावरची बटणं दाबत होता.

"हेमाताई, ब्रेक सुटत नाहीये," तो म्हणाला. "वर डिझेल इंजिन तयार असणार. पण खालून 'ठीक आहे' आल्याशिवाय ब्रेक सुटत नाही."

"आणि खालचं 'ठीक आहे' मोहोरीशिवाय वर जात नाही."

"तेच ना."

ब्रेक हाताने सोडणं शक्य होतं, पण ते कोणी शहाण्याने करू नये. दोर ताणून धरायला खाली विहिरीत बावीस टनांचं वजन टांगलेलं आहे. डबे चालताना ते वरखाली होतं. चाळिसाच्या खुणेपासून फार हललं तर दोर चाकावरून उतरतो. वरच्याला ते वजन दिसत नाही. म्हणून खालून कोणीतरी आकडा सांगत राहायला हवं.

"सुटकेचं पथक?" मी विचारलं.

"माणूस मोटरसायकलवर पाठवलाय. पण रस्ते तुंबलेत. संध्याकाळ होईल."

काळदरीत एप्रिलभर चार वाजता वारा सुटतो, हे इथलं शेंबडं पोर सांगेल. चार वाजता ते डबे हेलकावायला लागले की काय होईल, ते मला बोलायचंही नव्हतं. शिवाय काचेचे बंद डबे आणि डोक्यावर ऊन. घड्याळात बारा वाजून गेले होते.

"म्हसकर, कोठाराची किल्ली द्या."

"ताई, तार तर काढलीय. अहवाल आहे."

"किल्ली द्या हो!"

कोठाराच्या भिंतीत तारेचं टोक अजून होतं. वरून कापलं असेल तर उपयोग शून्य, पण बघितल्याशिवाय माझा जीव ऐकणार नव्हता. माझ्याकडे लाइनमनचा हँडसेट होता. खरं तर दोन होते. निवृत्तीच्या दिवशी पिशवीत घालून आणले होते, एक इथला आणि एक वरचा. चोरी म्हणा हवं तर. घरातून एक आणून त्याचे चिमटे मी तारेला लावले आणि कानाला धरला.

तारेत शिट्टी ऐकू आली. बारीक, सरळ, न थांबणारी.

मी मटकन खाली बसले. म्हसकर घाबरला. "काय झालं? पाणी आणू?"

"वरचा मोडेम आहे," मी म्हटलं. "चालू आहे, आणि हाकेची वाट बघतोय."

मोडेम म्हणजे यंत्राचं बोलणं तारेवरच्या आवाजात बदलणारी डबी. एक हाक देणारा असतो, एक ओ देणारा. ओ देणारा आधी अशी शिट्टी घालतो. म्हणजे वर कोणीतरी तो नुसता जपूनच ठेवला नव्हता, आज आठवणीने चालूही केला होता. कोणी ते सांगायला नको. तार काढल्याचा अहवाल खोटा होता, आणि त्यावर सही माझ्या लेकीची होती. लहानपणी कैरी चोरली तरी घरी येऊन कबूल करणारी माझी चारुता! मला इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाठोपाठ धास्तीही वाटली. कारण मोडेममागचा संगणक कोण आलं, कधी आलं, ते लिहून ठेवतं, आणि ते पुसता येत नाही. आम्ही एकदा बोललो की तिचा खोटेपणा सरकारदरबारी उघडा पडणार होता. नोकरी जाईल, खटला होईल.

हँडसेटवरून ओरडून उपयोग नव्हता, तिच्याकडचा हँडसेट माझ्याच घरी. शाबास हेमलता!

खालून काढलेला जुना संगणक, टर्मिनल आणि मोडेमसकट, मी कोठारातच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवला होता. युनिक्सच्या घराण्यातला, म्हणजे मागाल ते करतो, न मागता काही करत नाही. त्याला मागे दोन सिरियल पोर्ट आहेत. सिरियल पोर्ट म्हणजे चिंचोळी वाट, तिच्यातून अक्षरं एकामागून एक रांगेत जातात. एका पोर्टला हिरव्या अक्षरांचं टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कळफलक, लावायचं, दुसऱ्याला मोडेम. म्हसकरने घाईत केबल लावली. पडद्यावर काहीच उमटेना.

"केबल अदलाबदल केलीत ना तुम्ही?"

"दोन्ही सारख्याच दिसतात की."

"दिसतात सारख्या. टर्मिनलला उलटी केबल लागते, म्हणजे एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी येतं. मोडेमला सरळ. तुम्ही तोंडाला तोंड लावलंत तर ऐकणार कोण?"

केबल बदलल्या. टर्मिनल उजळलं. आता मोडेमच्या पोर्टचा वेग ठरवायचा. दोन्हीकडचा वेग जुळला नाही तर पडद्यावर नुसता कचरा येतो. चारुता काय लावेल? शिकवताना मी तिला म्हणायची, घाटातल्या तारेवर सेकंदाला बाराशे बिटांच्या वर जायचं नाही, हळू बोललं की नीट ऐकू येतं. मी बाराशे लावला. मोडेमला हाक द्यायला सांगितलं. त्याने खरखर केली, किंचाळला, आणि त्याचा जोडणीचा दिवा लागला.

म्हसकर टाळ्या पिटायला लागला. मी पडद्याकडे बघत होते. पडद्यावर असं दिसत होतं: नाव? चुकीचं नाव. नाव? चुकीचं नाव. नाव? एकामागून एक ओळी पळत होत्या.

"हे काय हो ताई?"

काय ते मला पहिल्या ओळीला कळलं होतं. या संगणकात पोर्टच्या दारावर एक छोटा प्रोग्राम बसवता येतो. गेटी त्याचं नाव. कोणी आलं की तो विचारतो, नाव काय? मग आत घेतो. एका टोकाला तो बसवायचा, आणि दुसऱ्या टोकाने गप्प दारात येऊन नाव सांगायचं. दोन्ही टोकांना बसवला तर? इकडचा विचारतो, नाव काय. तिकडचा तेच उत्तर समजतो आणि म्हणतो, चुकीचं, नाव काय? मग इकडचा तेच म्हणतो. जन्मभर चालेल हे.

चारुताने तिच्या दारावर गेटी बसवला होता, ते बरोबरच होतं. वरचं दार उघडं ठेवायचं, खालच्याने आपलं बंद करून हाक द्यायची. मीच घालून दिलेला नियम. चुकलं होतं माझं. समितीला मी सांगितलं की सवयीने हात गेला. खोटं सांगितलं. दारावर गेटी मी समजून उमजून बसवला. लेकीने माझ्या दारात यावं, तिने आधी नाव सांगावं, असं त्या घटकेलाही वाटत होतं मला. चौदा माणसं उन्हात टांगलेली, आणि मला मान हवा होता. अजून लिहितानाही लाज वाटते.

पडद्यावर दोघे एकमेकांना विचारत होते. नाव? नाव? कोणीच सांगत नव्हतं. दोन वर्षं आम्ही दोघी दुसरं काय करत होतो?

"म्हसकर," मी म्हटलं, "मी महामूर्ख बाई आहे."

"ताई, ते नंतर ठरवू. साडेबारा झाले."

कुठल्या दारावर काय बसवायचं याची यादी संगणकात असते, तिच्यात गेटीपुढे मी 'बंद' लिहिलं. पळापळ थांबली. पडद्यावर एकच शब्द उरला, वरून आलेला. नाव?

मी टाइप केलं: हेमा. मग जुना परवलीचा शब्द. तो चालणार नाही याची मला खात्री होती. दोन वर्षांत निदान माझं खातं तरी तिने पुसलं असणार.

एक एक अक्षर उमटत गेलं, बाराशेच्या संथ गतीने.

'शेवटचं येणं: १४ मार्च २०४२.' आमच्या भांडणाचा दिवस. त्याखाली, आत येणाऱ्याला दाखवायचा निरोप होता. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, तारीख पंधरा मार्चची.

'आई, तू इथे येशील तेव्हा काहीतरी मोठं अडलेलं असेल. आधी काम. मग भांडू.'

मी हुंदका दिला, मोठ्याने दिला, म्हसकरसमोर दिला. मग डोळे पुसले आणि लिहिलं, 'खालचं स्टेशन. हेमलता गुरव. बोल.'

'वरचं स्टेशन. चारुता गुरव. इंजिन तयार आहे. वजनाचा आकडा दर दहा सेकंदांनी. आणि आई, आकडा दोनदा लिही, तारेत खरखर आहे.'

दोनदा लिही म्हणे! हे तिला कोणी शिकवलं होतं? पण मी म्हसकरला विहिरीकडे पिटाळलं.

म्हसकर विहिरीच्या कठड्यावर पालथा झोपला. भिंतीवर रंगवलेल्या खुणा बघून तो ओरडायचा, "चाळीस!" आणि मी लिहायची, ४० ४०. दोन्ही आकडे जुळले की वरचं यंत्र ते मान्य करायचं, नाही जुळले तर ब्रेक आपोआप लागायचा. पहिला हिसका बसला तेव्हा दरीतून मुलींची किंकाळी ऐकू आली. एक्केचाळीस. त्रेचाळीस. एकदा पडद्यावर ४३ ४ß असं काहीतरी आलं आणि दोर थांबला. पुन्हा लिहिलं, ४३ ४३. पुन्हा चालू. पंचेचाळीसला म्हसकरचा आवाज चिरकला, आणि मी विचारायच्या आधीच वरून ओळ आली, 'वेग कमी करते. घाबरू नकोस.'

घाबरू नकोस! मला! पण खरं सांगते, तेव्हा मला त्या दोन शब्दांचा आधार वाटला. केव्हा ही एवढी मोठी झाली?

सव्वीस मिनिटं लागली. खालचा डबा फलाटाला लागला आणि पहिल्यांदा शेळी उतरली. मागून मुली, घामाने निथळलेल्या, आणि उतरल्या उतरल्या त्यांच्या कप्तानाने विचारलं, "काकू, सामना किती वाजता ढकललाय?" वरचा डबाही लागल्याचं चारुताने कळवलं. सगळे सुखरूप. मी लिहिलं, 'आता भांडू?'

वरून आलं, 'आई, तू आधी नाव सांगितलंस. आता कशावर भांडायचं?'

पुढे तीन दिवस मोहोर नव्हती. ते तीन दिवस रोपवे आमच्या तारेवर चालला. माचीवरून दोन बाळंतिणी उतरल्या, औषधं चढली. बाकीचे जिल्हे जिथल्या तिथे खिळून होते, आणि उंबरमाची चालू होती. छाती फुगवूनच सांगते मी हे.

चौथ्या दिवशी मोहोर आली, आणि आठव्या दिवशी समिती. मी घरूनच ठरवून गेले होते. तार मी लपवून ठेवली, लेकीला फसवून अहवालावर सही घेतली, असं सांगायचं. एकाहत्तराव्या वर्षी माझं कोण काय करणार? तिची अजून वीस वर्षं नोकरी होती.

अध्यक्षांनी नोंदवहीतली पानं चाळली. चष्मा काढला. "आता एकच प्रश्न. कायद्याने काढायला हवी होती ती तार दोन वर्षं कोणी राखली?"

मी उठायला टेबलावर हात टेकला. गुडघे! एवढ्या वेळात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"वरचं स्टेशन. चारुता गुरव," ती म्हणाली. आवाज जराही हलला नाही. "तार मी राखली. अहवाल खोटा होता, तोही मीच लिहिला. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. दर महिन्याला मी त्या मोडेमची तपासणी करत होते. पुन्हा वेळ आली तर पुन्हा राखेन."

मी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. तिची नजर अध्यक्षांवर होती, पाठ ताठ.

नियम माझाच होता, खालच्याने आधी बोलायचं. त्या दिवशी वरची आधी बोलली, आणि मी गुमान खाली बसले.